पडद्यामागच्या बायकांचा निकाल

नेकनूर
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५९

वन्संना सुभद्रेचा नमस्कार.

मायन्यात तुमच्या नावाआधी 'गंगाभागीरथी' लिहायची रीत आहे, ती मी मोडते. विधवेला एवढी मोठी नदी बहाल करतात आणि घोटभर पाणी मात्र विचारून प्यायला लावतात, हे तुम्हीच म्हणाला होतात.

तुमचं पत्र भिवराबाई कासारणीने बांगड्यांच्या पेटीत घालून आणलं. हेही तिच्याच हाताने बीडच्या टपालात पडेल. पुण्याच्या बोलपट कंपनीत तुम्ही कपडे शिवता हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही शिवलेल्या झंपरची बाही कधी दुसरीला जुळली नाही, तेव्हा तिथल्या नट्यांची मला काळजी वाटते.

नाथषष्ठीला पैठणला म्हणून गेलात आणि परत आला नाहीत, त्याला आता चार वर्षं होतील. तुमचं नाव घरात काढायचं नाही असा तुमच्या दादांचा हुकूम आहे आणि मी तो पाळते. चुलीपुढे बसून तुमच्याशी बोलते तेव्हा नाव घ्यायची गरज पडत नाही.

आता खरी बातमी. महिन्यामागे बंकट गाडीवान पुण्याहून कुठूनसं ऐकून आला आणि चावडीवर बोलून गेला की देशमुखांची लेक शिनिमात नाचते, नाव बदलून कुमारी पद्मलता झाली आहे. आपल्या वच्छलाचं पाटोद्याला जमत आलं होतं. लगेच तिकडच्या विठ्ठलरावांचा निरोप आला, काय खरं काय खोटं ते कळवा, मग पुढचं बोलू. माझ्या लेकीच्या लग्नाची गाठ अशी बंकटच्या जिभेला बांधली गेली. शेवटी तुमचे दादा म्हणाले, "शिवरात्रीला बीडच्या जत्रंत तंबू लागनार हाय. त्या बाईचाच शिनिमा हाय म्हनं. आईला घिऊन जाऊ. आई सांगंल ती खरं."

म्हणून बैलांच्या दमणीला पडदे लावून, तुमच्या आईला, आत्याबाईंना, घेऊन आम्ही बीडला गेलो आणि मावससासूबाईंकडे उतरलो. तंबूवाल्याने यंदा पदकवालेच तीन बोलपट आणले होते, तीन संध्याकाळी तीन. मुंबईच्या एका चित्रमासिकाने मोठा समारंभ करून सोन्याची पदकं वाटली, हे शाळामास्तरांच्या विमलबाईंकडच्या वर्तमानपत्रात मी आधीच वाचलं होतं. तिन्ही पाहिले, तेव्हा मत द्यायचा मला हक्क आहे. इथे ऐकून घ्यायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला देते.

तंबू तुम्हाला ठाऊकच आहे. पुरुष पडद्याच्या पुढे, गोषातल्या आम्ही मागे. पडद्यावर पाणी मारतात म्हणजे चित्र आमच्या अंगालाही उमटतं. बाहेर इंजिन धडधडत असतं आणि भोंग्यातून सगळ्या माणसांचा आवाज एकाच नाकातून येतो. सुरुवातीला अक्षरं येतात ती गुजराती, कंपन्यांचे शेट गुजराती म्हणून. बायका मला विचारतात, "देशमुखीनबाई, काय लिवलंय वं?" मी सांगते, गुजराती आहे. वाचता येणारी मी एकटी, माझा शब्द कोण खोडणार.

उत्तम बोलपटाचं पदक 'राजपुत्र मणिभद्र'ला मिळालं. हत्ती आहेत, कारंजी आहेत, आणि दरबारातली झाडून सगळी माणसं डावखुरी आहेत. राजा तलवार डाव्या हातात धरतो, भट डाव्या हाताने अक्षता टाकतो. मुंबईकडे ही नवी तऱ्हा निघाली असेल, पण पदक देणाऱ्यांपैकी एकालाही ते खटकू नये? शिवाय राजपुत्र लढाईला निघताना एवढं लांब गाणं म्हणतो की घोडा कंटाळून खाली बघायला लागतो. त्या घोड्याला दिलं असतं तर मी काही बोलले नसते.

उत्तम नटाचं पदक 'पाटलीणबाईंचा जावई' मधल्या जावयाला. ते ठीक आहे, पोरगा गुणी आहे. पण त्याचा सासरा झालेला म्हातारा नुसता ओसरीवर बसून सुपारी कातरतो आणि सगळा तंबू हसून लोळतो. त्याला काहीच नाही. हसवणाऱ्याची ही गत सगळीकडे असते. मीही या घरात वीस वर्षं माणसं हसवली.

आणि उत्तम नटीचं पदक 'काचेचा चुडा' मधल्या या कुमारी पद्मलतेला. खरं सांगते वन्सं, मला नाही पटलं. बाई दिसायला चांगली. रागावली की पदर खोचून चालते ते छान. पण नवऱ्याला डाव्या हाताने वाढते, आपल्या घरात असती तर आत्याबाईंनी पळी हातातून काढून घेतली असती. आणि शेवटी क्षय होऊन मरते तेव्हा खोकल्याची एक उबळ आणि गाण्याचं एक कडवं, असं आलटून पालटून बराच वेळ चालतं. डोळे मिटल्यावर पापणी हललेली मी पाहिली. तिच्या सासूचं काम करणारीला पदक द्यायला हवं होतं.

ती तुम्ही नव्हतात. भुवईवर खोक होती, ती पाहून मी पुढे सरकले. पण ती उजव्या भुवईवर. उखळावर पडलात तेव्हाची तुमची खोक डावीवर आहे, हळद मीच दाबली होती. तरी मी आत्याबाईंच्या कानाशी लागून विचारलं, "ही आपलीच का हो?" आत्याबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. मोठ्याने म्हणाल्या, "ही माझी न्हाई." पलीकडे पुरुषांतही ऐकू गेलं असेल.

तुमचे दादा बाहेर बैलांपाशी बराच वेळ तोंडावर उपरणं धरून उभे होते. इंजिनाच्या धुराने डोळे चुरचुरले म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाटोद्याला निरोप गेला.

सगळ्यांच्या मनासारखं झालं. मला मात्र परतीच्या वाटेवर रडू आलं. ती तुम्ही असावात असं मला फार वाटत होतं. निदान पाहायला तरी मिळाला असतात.

तुमची वहिनी
सुभद्रा

नेकनूर
फाल्गुन वद्य तृतीया, शके १८५९

कुमारी पद्मलता यांस सुभद्रा देशमुखीणबाईंचा नमस्कार.

कपडे शिवता नाही का? बरे शिवता.

काल विमलबाईंकडे त्या समारंभाचं चित्रमासिक आलं. आत पानभर तसवीर आहे. तुम्ही उभ्या आहात, उजवा हात पुढे करून पदक घेताय, आणि खोक डाव्या भुवईवर आहे. खाली नाव पद्मलतेचं. मी विमलबाईंना म्हटलं, छापणाऱ्याने उलटं छापलंय. त्या नगरच्या, बोलपट नेहमी समोर बसून पाहिलेल्या. त्यांना आधी माझं म्हणणंच कळेना. मग त्यांनी ते पान उचलून खिडकीच्या उजेडावर धरलं आणि मला मागच्या बाजूने पाहायला लावलं. खोक उजवीकडे गेली. पदक डाव्या हातात आलं. आणि खालची अक्षरं गुजराती झाली.

विमलबाई भल्या आहेत, हसल्या नाहीत. मीच हसले. इतकी वर्षं पंचक्रोशीतल्या बायकांना गुजराती शिकवली मी. राजा उजवा, भट उजवा, सगळा दरबार उजवा. उलट्या बाजूला आम्हीच बसलेल्या.

घरी येऊन माजघरात बसले तेव्हा हसू ओसरलं. माझ्या हाताखाली वाढलात. सहा वर्षांच्या होतात तेव्हा मी या घरात आले, तुमची वेणी मी घालत असे. आणि तुम्ही समोर दिसत असताना मी तुम्हाला नापास करून आले. तुम्हीही ते पत्र वाचलं असेल. वाचताना काय वाटलं असेल, ते विचारायची मला हिंमत नाही. मरतानाचं गाणं लांबलं, हे मत मात्र मी मागे घेत नाही.

आता नीट ऐका, कारण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. आत्याबाईंच्या तोंडून "माझी न्हाई" निघाल्यापासून तुमचे दादा म्हणतात, ती नाचणारी आपली नाही, तर आपली दगडाबाई गेली असंच धरायचं. पाटोद्याच्या विठ्ठलरावांनाही मागे शंका ठेवलेली नको आहे. म्हणून पालाशविधी करायचं ठरतंय. हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, सुतक धरतात, तेरावं घालतात. मग तो माणूस जिवंत दारात उभा राहिला तरी मेलेलाच. बारा वर्षं वाट पाहायची असते, असं गुरुजी म्हणाले. तुमचे दादा म्हणाले, "आईची ना न्हाई, मंग तुमची कावून?" चैत्र अमावास्या धरली आहे.

एकदा ते झालं की तुम्हाला या घराचा उंबरा कायमचा बंद. मग मी कोणाची वाट पाहायची?

हे थांबवणं एकट्या आत्याबाईंच्या हातात आहे. त्या "माझी हाय" म्हणाल्या तर कोणाची छाती आहे पुतळा जाळायची? पण त्यांचीही माझ्यासारखीच चूक झाली आहे. त्यांना तसवीर दाखवायला हवी. वच्छलाचं लग्न मोडेल, हेही मला कळतं. पोटची पोर एका तागडीत आणि तुम्ही दुसऱ्या. तुमचे दादा मला बोलतील, पण त्यांचं बोलणं मी अंगाला लावून घेत नाही. भीती वच्छलाची वाटते.

सुभद्रा

नेकनूर
चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८६०

वन्सं,

तुमचं चार ओळींचं पत्र पोचलं. मी तुमच्या अभिनयावर पानभर लिहिलं, त्यावर चकार शब्द नाही, सगळ्या पत्रात एकच प्रश्न. आईने मला ओळखलं का?

सांगते.

मास्तरांकडून चित्रमासिक पदराखाली आणलं. आत्याबाई परसात वाल निवडत होत्या. मी पान पुढे केलं आणि पडदा, पाणी, उलटं-सुलटं सगळं समजावून सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, वाल निवडायचे थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुभद्रे, मला काय सांगायलीस? पडद्यावर ती पयल्यांदा चालत आली तवाच मी वळखली. वाटंत चिखुल असल्यावानी पाय झटकून चालती. धाकटी व्हती तवापून."

मी म्हटलं, "मग 'माझी न्हाई' कशाला म्हणालात?"

"तू कवा इचारलंस ते आठीव," त्या म्हणाल्या. "ती मराया लागलती. डोळे मिटायलीती. आन तू इचारतीस, आपलीच का."

तुमचं नाव दगडाबाई का ठेवलं, हे मला माझ्या लग्नात कोणीतरी सांगितलं होतं. मी ते जुन्या बायकांचं खूळ म्हणून विसरून गेले होते. आत्याबाई विसरल्या नव्हत्या. तुमच्या आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली. तुम्ही जन्मलात तेव्हा तुम्हाला सुपात घालून उकिरड्यावर टाकलं, भिवराबाईच्या सासूने उचललं, आणि आत्याबाईंनी पसाभर जोंधळे देऊन तुम्हाला तिच्याकडून विकत घेतलं.

"कुनी बी इचारलं, पोर कुनाची, तर मी म्हनायची, माझी न्हाई, उकिरड्यावर घावली," त्या म्हणाल्या. "गोवर आला तवा म्हनलं. उखळावर पडली तवा रगताचा पाट व्हता, तवा बी म्हनलं. माझी म्हनलं की यम नेतो, मला ठाव हाय. माझी म्हनलेली तीन मी देऊन बसले. तंबूत ती डोळे मिटायली आन मी माझी म्हनू व्हय?"

मी म्हटलं, "आत्याबाई, ते खोटं मरण होतं. नाटकातलं."

"मला बी कळतं खोटं हाय ते," त्या म्हणाल्या. "यमाला कळतं का?"

मग त्यांनी तसवीर जवळ घेतली. डोळे अधू झालेत, तरी बोटाने चाचपल्यासारखं करून तुमचा हात शोधला. "हातात चुडा हाय का गं हितं बी?" मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, "तंबूत मी निस्ता चुडाच बगत बसलते. लई साल झाले तिचा हात भरलेला बगून."

वन्सं, तेव्हा कळलं, चार वर्षं मी चुलीपुढे तुमच्याशी बोलत होते आणि भिंतीपलीकडे त्या परसात तुमच्याशी बोलत होत्या. एका घरात राहून आम्हाला एकमेकींचं ऐकू आलं नाही. त्यांना वाटायचं मी विसरले. मला वाटायचं त्यांनी तुम्हाला टाकलं. त्या दुपारी आम्ही दोघी वाल तसेच टाकून बसलो होतो.

पण अमावास्येचं काय, ते विचारलं तेव्हा त्या पुन्हा वाल निवडायला लागल्या. विधी थांबवायचा तर चारचौघांत "ती माझी हाय, जित्ती हाय" म्हणायला हवं. ते शब्द त्यांच्या तोंडून निघत नाहीत. मी पाया पडले. म्हणाल्या, "जाळायचा हाय तो पाला हाय. मी माझी म्हनलं तर ती जाईल." माझं सगळं शहाणपण या एका वाक्यापाशी अडलं आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती लिहू की नको असं झालं होतं. गोषामुळे गावातल्या पुरुषांनी तुमचं तोंड कधी नीट पाहिलेलं नाही. पण तुमच्या दादांनी पाहिलं आहे, आणि ते तंबूत पडद्याच्या पुढे बसले होते.

सुभद्रा

नेकनूर
वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८६०

वन्सं,

झालं ते जसं झालं तसं लिहिते.

अमावास्येला सकाळी अंगणात पळसाची पानं, दर्भ, सूत सगळं येऊन पडलं. गुरुजी पुतळा बांधायला बसले. पाटोद्याचे विठ्ठलराव ओसरीवर लोडाला टेकून होते. वच्छला आतल्या खोलीत दार लावून रडत होती. तिला तुमची गोष्ट मी आदल्या दिवशी सांगितली होती, आणि पोर म्हणाली, आत्याला जाळून मला लग्न नको. तिचं तोंड कुरवाळायलाही मला उसंत मिळाली नाही.

मी ठरवलं होतं, आत्याबाई बोलल्या नाहीत तर मी गोषा सोडून अंगणात जायचं आणि चित्रमासिक सगळ्यांपुढे टाकायचं. पदराखाली घेऊन दारामागे उभी होते. तेवढ्यात गुरुजींनी संकल्पासाठी विचारलं, मृताचं नाव, गोत्र, माता कोण?

आत्याबाई आतून आल्या. डोईवरचा पदर सारखा केला आणि चौकात जाऊन उभ्या राहिल्या. परक्या पुरुषापुढे त्यांना उभं राहिलेलं मी या वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तुमच्या दादांना म्हणाल्या, "सुंदरा, कुनाचं करायलास हे?"

तुमचे दादा म्हणाले, "दगडाबाईचं. तुला ठाव न्हाई का?"

"दगडी माझी न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "उकिरड्यावर घावली. पसाभर जोंधळ्याला घेतली. समद्या नेकनूरला ठाव हाय, भिवराबाईला बलवून इचार. लोकाच्या लेकीचं मढं माझ्या अंगनात कावून जाळायलास? उद्या जिची हाय ती आली भांडाया तर मी काय सांगू?"

गुरुजींनी हातातलं सूत खाली ठेवलं. दादांकडे पाहून हळूच म्हणाले, "मातोश्रीच नाही म्हणत असतील तर सुतक कोणाला लावायचं? नात्यावाचून विधी होत नाही." विठ्ठलराव उठले, आणि काय कळलं त्यांना देव जाणे, पण म्हणाले, "म्हंजी या घराला लेक नव्हतीच म्हना की. मंग आमची काय बी तक्रार न्हाई." चहा घेऊन गेले. वच्छलाच्या लग्नाची तिथी ज्येष्ठातली धरली आहे.

पळसाची पानं बैलांखाली अंथरली.

तुम्हाला जिवंत ठेवण्याची त्यांना ठाऊक असलेली ही एकच रीत. पण मी तुमच्यापासून लपवत नाही. चारचौघांत असा फैसला झाला आहे की तुम्ही या घरच्या नाही, कधी नव्हतात. नागपंचमीला गावातल्या बाकीच्या लेकी माहेरी येतील तेव्हा तुम्हाला आणायला कोणी निघणार नाही. मरणातून सुटलात आणि माहेरही सुटलं. मी रात्रभर हाच हिशेब मांडते आहे, जमेला काय धरायचं ते मला कळत नाही.

जेवताना मी तुमच्या दादांना वाढत होते. बाकी कोणी नव्हतं. म्हटलं, "तुम्ही तिला ओळखलं होतंत ना?" भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी ताटात तसाच ठेवला. म्हणाले, "मी म्होरं बसलोतो." मग हात धुवून उठले. ताक तसंच राहिलं. त्यांचा मला इतके दिवस राग होता, तो तेवढ्याने गेला नाही, पण त्यांचं उष्टं ताट काढताना माझे हात हळू झाले.

आज सकाळी आत्याबाईंना विचारलं, वन्संना पत्र लिहिते आहे, तुमचं काही सांगायचं आहे का? आधी म्हणाल्या, माझी कोन ती, मी काय सांगू. मी कागद घेऊन बसूनच राहिले. पदकांचा विषय काढला. त्यांनीही तीन बोलपट पाहिले, त्यांचं मत कोणी विचारलंच नव्हतं. राजपुत्र त्यांना आवडला. सुपारी कातरणारा म्हातारा त्यांनाही आवडला, ऐकून मला बरं वाटलं.

"आणि 'काचेचा चुडा'?" मी विचारलं. "तिला मिळालं ते बरोबर मिळालं का?"

त्या बोलल्या ते मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं, तसंच पाठवते.

"लिव तिला. पदक बिदक ऱ्हाऊ दे. फुडल्या शिनिमात मरू नगं म्हनाव. दर येळी माझी न्हाई म्हनाया मी कुठवर पुरू?"

तुमची
सुभद्रा